जुन्या गाडीचं इंजिन नीट होतंय हो, कागदाचं काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात सेकंडहँड दुचाकी घेताना काय काय बघावं असा मजकूर आला होता, वाचला. टायर बघा, बॅटरी बघा, ट्रायल मारा, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, सगळं बरोबर आहे. पण तो चाळीस-पन्नास हजाराची गाडी चकाचक दुकानातून घेणाऱ्यासाठी लिहिलाय. आमच्याकडं जी गाडी येते ती दहा-पंधरा हजाराची असते, धूर मारणारी, सेल्फ बंद, इंडिकेटर एक आहे तर एक नाही, आणि घेणाऱ्यानं हे सगळं दिसत असतानाच ती घेतलेली असते कारण खिशात तेवढेच आहेत. त्यांच्यासाठी कुणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहू. पत्र लांबणार आहे, काटछाट करायची तर खुशाल करा, फक्त शेवटी कागदांचं लिहिलंय तेवढं ठेवा.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला आहे, बोअरिंगचं काम, म्हणजे इंजिनाचं झिजलेलं भोक थोडं मोठं करून परत गोल करायचं. मेकॅनिक लोक गाडीचं इंजिन खोलतात आणि ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग, आमच्याकडं आणून देतात, बऱ्याच वेळा मेकॅनिकसोबत गाडीचा मालकच येतो, ब्लॉक रद्दी पेपरात गुंडाळून, तोंडावर काळजी. अशी पोरं रोज बघतो. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा तिकडून येणारी, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कामाला, पहिली पाळी सकाळी सातला आणि वाडीवरनं त्या टायमाला पोचवणारी एसटी नाही. नवीन शंभर सीसीची गाडी जीएसटी २८ चा १८ टक्के झाला तरी रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या आसपास तरी जाते, आणि कंत्राटी पोराला लोन कोण देतंय. मग बारा हजाराची स्प्लेंडर. त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं.

आता लोकांना वाटतं इंजिनाचं काम निघालं म्हणजे गाडी बुडाली. तसं नसतंय. जुन्या स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भोकाचा व्यास, ५० मिलिमीटरचा. ब्लॉक हातात घेतला की आधी मी मशीन लावत नाही, वरच्या तोंडापासनं आत नख फिरवतो. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत येऊन परत जाते तिथं झिजून एक बारीक पायरी पडलेली असते, तिच्यात नख अडकलं की समजायचं हा ब्लॉक गेला. मग बोअर गेज लावून वर, मध्ये, खाली असं आडवं-उभं माप घ्यायचं, झिजलेला बोअर कधी गोल राहत नाही, अंडाकृती होतो आणि वर जास्त खाल्लेला असतो. त्याप्रमाणं ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा का ०.५० ते ठरतं, ब्लॉक आतनं तेवढा मोठा करून होनिंग मारून, म्हणजे दगडानं आतनं घासून दिला की झालं. पुढं रिंगा, पॅकिंग, व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग आणि सील, टायमिंग चेन, ऑइल. ह्याला मेकॅनिक हाफ इंजिन म्हणतात आणि साध्या शंभर सीसीला पार्ट आणि मजुरी धरून चार-पाच हजारात बसतं, कुठल्या कंपनीचे पार्ट घालता त्यावर थोडं कमी-जास्त. खालचं काम निघालं, म्हणजे क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, गिअर, तर मग फुल इंजिन आणि खर्च दुप्पट. पण दोन्हीला आकडा आहे. मेकॅनिक गाडी ऐकून अंदाज सांगू शकतो आणि तेवढे पैसे किमतीतनं पाडून मागता येतात, माझ्या मते धूर मारणारी गाडी स्वस्तात घेणं हा तोट्याचा सौदा नाहीच, धूर दिसतोय म्हणून तर ती स्वस्त आहे. घोळ होतो तो धूर लपवलेल्या गाडीत.

लपवायचे प्रकार पण ठरलेले आहेत. तुम्ही जायच्या आधीच गाडी चालू करून गरम करून ठेवायची, जाड ऑइल भरायचं म्हणजे आवाज दबतो आणि धूर पण थोडे दिवस दबतो. म्हणून गाडी बघायला गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर सरळ म्हणा उद्या सकाळी येतो, चालू करू नका. थंड गाडी चालू करताना पहिला भपकारा निळा आला आणि मग बंद झाला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते स्वस्तातलं काम. ॲक्सिलेटर देईल तसा निळा धूर येतच राहिला तर रिंगा आणि ब्लॉक. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर साफ करून सेटिंग केलं की बऱ्याचदा जातो, त्याला घाबरायचं नाही. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा, सरळ रेषेत आल्यावर खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून आडवं हलवा, ढिलं लागलं तर चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गेले. हे सगळं किरकोळ आहे. किरकोळ नाही ते एकच, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मानेजवळ वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी फुकट दिली तरी नको.

अजून एक, पोरं आजकाल स्वस्तात मिळते म्हणून जुनी ड्यूक नाहीतर आर-१५ उचलतात आणि ब्लॉक घेऊन आमच्याकडं येतात की दादा बोअर मारून द्या. त्या ब्लॉकला आत बिडाचं स्लीव्ह, म्हणजे नळी, नसतं, वेगळ्या जातीचा कठीण थर असतो, तो बोअर होत नाही, ब्लॉक नवाच आणायला लागतो आणि त्याची किंमत ऐकून पोरगं खाली बसतं. स्प्लेंडर, पॅशन, जुनी पल्सर, युनिकॉर्न ह्यांचं तसं नाही. आरएक्स १०० चा विषय मी काढत नाही, ती १९९६ साली बंद झाली आणि आता तिच्या लोक ज्या किमती सांगतात त्या ऐकून हसावं का रडावं कळत नाही, तो हौसेचा बाजार आहे, आपण पाळीवर जायच्या गाडीबद्दल बोलतोय.

आमच्या भागात तर पुराची गाडी हा एक वेगळाच प्रकार आहे आणि त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ पण नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका, सांगलीचा नदीकाठ, किती गाड्या पाण्याखाली गेल्या असतील विचार करा. माणसं आणि जनावरं बाहेर काढायची का गाड्या. पाणी उतरल्यावर ज्यांनी लगेच इंजिन खोलून धुऊन घेतलं त्यांच्या गाड्या आजपण चांगल्या चालतायत, पण बऱ्याच गाड्या धुऊन पुसून, नवीन स्टिकर मारून बाजारात गेल्या आणि अजून ह्याच्याकडनं त्याच्याकडं फिरत आहेत. अशी गाडी ओळखायची असेल तर हेडलाइटचा डोम खोलायला लावा, दोन स्क्रू असतात, आतल्या वायरींच्या सॉकेटमध्ये वाळलेला बारीक गाळ बसलेला असतो, तो कुणी साफ करत नाही. सॉकेट ओढून बघा, तांबं हिरवं पडलेलं असतं. टाकीचं झाकण काढून मोबाईलचा टॉर्च मारा, आत तांबूस गंज दिसतो. ऑइलची काडी काढून बघा, ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी आत आहे. अशा गाडीचं वायरिंग आज एक तर उद्या दुसरं असं सतावत राहतं आणि क्रँकच्या बेअरिंगला गंज चढलेला असला तर तो आवाज महिन्या-दोन महिन्यानं बाहेर येतो. घ्यायचीच असेल तर फुल इंजिन आणि नवीन वायरिंग धरूनच किंमत करा.

बरं, हे झालं लोखंडाचं. आता मूळ मुद्दा.

माझ्याकडं मागं एक पोरगा आला होता, राधानगरीच्या बाजूचा, २०११ ची स्प्लेंडर घेतलेली, बाजारात टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटाकडनं. ब्लॉक आम्ही केला, त्याच्या मेकॅनिकनं इंजिन बांधलं, गाडी एक नंबर झाली, आवाज नाही, धूर नाही, पोरगा खूश. मग म्हणाला दादा, आरसी माझ्या नावावर कशी करायची, एजंट फोन उचलेना झालाय. कागद बघितले तर आरसीवर नाव एका गृहस्थाचं, त्यांनी कुणाला तरी विकली, त्यानं अजून कुणाला, त्यानं ह्या एजंटाला, आणि एवढ्या हातांतनं फिरून आरसी अजून पहिल्याच माणसाच्या नावावर. सोबत टीटीओचे, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, २९ आणि ३०, खाली सही आणि वरचे रकाने कोरे. आणि तो पहिला मालक वारलेला. म्हणजे त्या सहीचा काही उपयोग नाही. वारसांनी आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला लावून गाडी आपल्या नावावर करून घ्यायला पाहिजे, कायद्यात त्याला तीन महिन्यांची मुदत आहे, आणि मग त्यांनी ह्याला विकायची. त्या घरच्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही की वडलांच्या नावावर एक गाडी अजून रस्त्यावर फिरतीये.

गाडी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरली. रिपासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायचं, तर अर्ज आरसीवरच्या मालकाचा लागतो. इन्शुरन्स कधीच संपलेला. चांगलं इंजिन असलेली गाडी आता गल्लीबोळातनं, चौकातला पोलीस चुकवत कामाला जाते. बारा हजार गाडीचे, पाच हजार इंजिनाचे.

कोरे फॉर्म सही करून द्यायची ही पद्धत आपल्याकडं एवढी रुळलीय की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. विकणाऱ्याला वाटतं पैसे आले, फॉर्मवर सही दिली, विषय संपला. संपत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. सुप्रीम कोर्टानं ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन तोच मालक, गाडी मध्ये कितीही जणांना विकली गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. म्हणजे तुम्ही पाच वर्षांपूर्वी आठ हजाराला विकलेल्या गाडीनं कुणाला उडवलं आणि इन्शुरन्स नसला तर कोर्टाचं समन्स तुमच्या दारात. ई-चलन तर येतंच, कोण कुठं सिग्नल तोडतोय आणि मेसेज तुमच्या मोबाईलवर.

घेणाऱ्याचं नुकसान पण असंच न दिसणारं असतं. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या इन्शुरन्सचा, हप्ता २०२२ साली ७१४ रुपये अधिक जीएसटी असा ठरवलाय, फार नाही, लोक भरतात पण. पण तो जुन्या मालकाच्या नावानं भरून ठेवतात. समोरच्याला भरपाई मिळेल ठीक आहे, पण मालक-चालकासाठी जे १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं ते आरसीवर नाव असलेल्या मालकाला. पोरगं गेलं तर घरच्यांच्या हातात काही नाही. घरचा कमावता एकच असतो अशा बऱ्याच घरांत ही गाडी असते, म्हणून सांगतोय.

बाजारातल्या एजंटांसाठी नियम नाही असं पण नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडनं अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की ऑनलाइन कळवायचं आणि मग ती विकेपर्यंत त्या गाडीचा मालक म्हणून जबाबदारी त्याची, असा केंद्राचा नियम आहे. नियम चांगला आहे. मोठी दुकानं पाळत असतील. पण रविवारच्या बाजारात झाडाखाली वीस गाड्या लावून उभा असतो त्याला विचारून बघा अधिकारपत्र आहे का, तो म्हणेल गाडी घ्यायची तर घ्या.

आणि अफवा किती. परवाच एकजण म्हणत होता पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालायचा कायदा आलाय म्हणून त्यानं चांगली चालणारी गाडी भंगारवाल्याला तीन हजारात दिली. अहो तो पंधरा वर्षांचा विषय दिल्ली आणि एनसीआरचा, म्हणजे दिल्लीच्या आजूबाजूच्या भागाचा आहे, आपल्या महाराष्ट्रात खाजगी दुचाकीला तसं काही नाही, पंधरा वर्षांनी गाडी तपासून पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून मिळतं, पर्यावरण कर भरायला लागतो, १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेची नंबरप्लेट लागते जिचे दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. एवढं जरी तुमच्या पेपरात ठळक छापलं तरी लोकांच्या कितीतरी गाड्या वाचतील.

माझं म्हणणं असं की दुचाकी नावावर करायची सरकारी फी १५० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे वेगळे. त्यासाठी वाडीवरच्या माणसाचे दोन दिवस मोडतात, एजंट तीन-चार हजार मागतो, बँकेचा बोजा उतरवलेला नसला, म्हणजे फॉर्म ३५ नसला, तर अजून वेगळा फेरा. बारा हजाराच्या गाडीला चार हजार कागदाला कोण घालणार, म्हणून गाड्या तशाच फिरतात. ऑनलाइन सोय झालीय हे मला माहीत आहे, पण ती आधार आणि ओटीपीवर चालते आणि इथं अडचणच ही आहे की ज्याच्या मोबाईलवर ओटीपी जायचा तो माणूस वारलाय, नाहीतर पुण्या-मुंबईला गेलाय, नाहीतर त्याचा नंबरच बदललाय.

आरटीओची तालुक्याच्या गावी शिबिरं असतातच, लायसन्ससाठी पोरं तिथं रांगा लावतात. परिवहन खात्यानं वर्षातनं दोन वेळा ह्याच शिबिरांत फक्त जुन्या दुचाकींच्या नावांसाठी एक टेबल लावावं. गाडी समोर आणायची, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर तपासायचा, चोरीची आहे का ते पोलिसांकडनं तिथंच बघायचं, आणि ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याच्याकडनं प्रतिज्ञापत्र घेऊन आरसीवरच्या मालकाला किंवा वारसांना नोटीस काढायची. ठरलेल्या दिवसांत हरकत आली नाही तर नाव लावून द्यायचं. दंड घ्यायचा तर एकरकमी आणि झेपेल असा ठेवा, वीजबिलाला अभय योजना निघते, पाणीपट्टीला निघते, मग ह्याला का नको. ह्यात सरकारचा पण फायदा आहे, कर येईल, इन्शुरन्स निघेल, आणि अपघात झाला तर गाडी नेमकी कुणाची हे शोधत बसायला लागणार नाही. चोरीच्या गाड्या बाहेर पडतील हा अजून एक फायदा, कारण चोरीची गाडी घेऊन कुणी त्या टेबलाजवळ येणार नाही आणि जो येत नाही त्याच्याकडं बघता येईल.

आणि तोपर्यंत विकणाऱ्यांना एक विनंती, जुनी गाडी देताना कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ तुमच्या हातानं लिहा, त्याच्या आधारची झेरॉक्स घ्या आणि शक्य असेल तर ट्रान्सफरचा अर्ज भरूनच चावी द्या. घेणाऱ्यांनो, गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून मालकाच्या नावातली दिसतील तेवढी अक्षरं, बोजा, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन कधी संपतंय एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे त्याच्यानंतर काढा, आणि आरसीवरचा माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी समोर येत नसेल तर इंजिन कितीपण गोड वाजू दे, ती गाडी सोडून द्या. बाजारात दुसऱ्या शंभर आहेत.

कळावे,
आपला एक वाचक, कोल्हापूर

ता. क. – आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि ते हवेतलं पाणी धरतं, त्यामुळं कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल काढून टाका. जुने रबरी पाइप कडक झालेले असतील तर तेपण बदला, शे-दीडशेचं काम आहे.